सॅम्पलच्या गोळीवर रुग्णासाठी काय लिहिलेलं असतं?

आत्याच्या औषधांच्या स्टीलच्या डब्यात मला दोन गोळ्यांचा एक तुकडा सापडला, कात्रीने कापलेला. फॉइलवर '...मेपिराइड' एवढीच अक्षरं शिल्लक होती. किती मिलिग्रॅम, एक्सपायरी कधी, बॅच नंबर काय, सगळं दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेलं. नव्या डॉक्टरांनी 'सध्या ही घ्या' म्हणून दिलेली सॅम्पलची गोळी. आत्या दुसऱ्या ब्रँडची ग्लिमेपिराइड, म्हणजे हीच मधुमेहाची गोळी, आधीपासून रोज घेत होतीच. पाकिटाचा रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून तिच्या लेखी ही दोन निराळी औषधं!

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, रक्तातली साखर आधीच उतरलेली असली तरी. दुप्पट मात्रा पोटात गेली आणि जेवणाला उशीर झाला, तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो, बेशुद्धही पडू शकतो. आत्याने ती गोळी अजून सुरू केली नव्हती, म्हणून निभावलं.

एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, डॉक्टरांना जे नमुने देतात, त्यांच्या लेबलचा नियम आपल्याकडे आहे. १९४५ च्या औषध नियमांतल्या ९६ व्या नियमानुसार औषधाचं मूळ नाव, प्रमाण, बॅच नंबर, एक्सपायरी हे सगळं सॅम्पलवरही लागतं. शिवाय 'फिजिशियन्स सॅम्पल – नॉट टू बी सोल्ड' हे शब्द वरून छापावे लागतात. केमिस्टने असा माल विकणं सोडाच, दुकानात ठेवणंही चालत नाही. २०२४ च्या औषध विपणन संहितेने आणखी मर्यादा घातल्या: एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त १२ सॅम्पल पाकिटं, आणि झोपेच्या, गुंगीच्या औषधांचे नमुने अजिबात नाहीत.

हे सगळं कंपनी, डॉक्टर आणि केमिस्टसाठी. गोळी कधी, किती घ्यायची, हे त्यात कुठेच नाही. ते सांगणारी अट याच नियमांच्या 'शेड्यूल के' या परिशिष्टात आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. शेड्यूल जी, एच किंवा एक्समधलं (डॉक्टरांच्या देखरेखीखाली किंवा चिठ्ठीवरच घ्यायच्या औषधांच्या या याद्या) औषध डॉक्टर स्वतः आपल्या रुग्णाला देत असतील, तर त्यावर डॉक्टरांचं नाव, पत्ता आणि पोटात घ्यायचं असल्यास मात्रा लिहायची; रुग्णाचं नाव आणि तारीख रजिस्टरमध्ये नोंदवायची. औषध फुकट दिलं म्हणून हे काम टळावं, असं मला मुळीच वाटत नाही.

बॅच नंबरचंही तसंच. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते, ती बॅच नंबरनिशी. कापलेल्या तुकड्यावर नंबरच नसेल, तर आपली गोळी त्यात आहे की नाही हे कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी आत्याची दोन्ही पाकिटं घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सॅम्पल परत घेतलं, जुनीच गोळी चालू ठेवली. मग खाकी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: 'ग्लिमेपिराइड, १ मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्याआधी एक. साखरेची दुसरी गोळी विचारल्याशिवाय नको.' खाली सही आणि फोन नंबर.