साडेतीन सेंटिमीटरचा बिट

नागपुरात बर्डीवर साटा केबल (मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांना जोडणारी डेटाची केबल) मागा, हातात पडते ती बहुधा जेमतेम अर्ध्या मीटरची. कॅबिनेटच्या आत ती पुरते. पण जुना डेटा काढायला हार्ड डिस्क तासाभरासाठी बाहेर टेबलावर ठेवली, की केबल वीतभर कमी पडते. मग वाटतं, वायरच ती! दोन केबल कापा, तारेला तार पिळा, वर टेप गुंडाळा. डोअरबेलला चालतं, मग इथे का नाही?

चालत नाही, आणि न चालण्याचं कारण मोठं मजेदार आहे.

साटा सेकंदाला ६ गिगाबिटच्या वेगाने चालतं तेव्हा एका बिटाच्या, म्हणजे एका शून्याच्या किंवा एकाच्या, वाट्याला सेकंदाचा सहा अब्जावा भाग येतो. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या साधारण ७० टक्के वेगाने धावतो. गुणाकार करा, बिटाची लांबी निघते जवळपास साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे मीटरभर केबलमध्ये कोणत्याही क्षणी अठ्ठावीसेक बिट एकामागे एक वाटेवर असतात. पहिला पोचायच्या आत सत्ताविसावा निघालेला असतो.

आता विहिरीच्या जाड दोराला सुतळी बांधा आणि दोराला एक झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाते. थोडी सुतळीत शिरते, थोडी हाताकडे परत येते. केबलमध्येही तेच होतं. साटा केबलमध्ये डेटाच्या दोन जोड्या असतात, एक जायची, एक यायची. जोडीतल्या तारांमधलं अंतर, मधलं प्लास्टिक आणि भोवतीची पन्नी मिळून एक आकडा ठरतो : १०० ओम. हा मल्टिमीटरवर दिसणारा रोध नव्हे. धावत्या लाटेला जाणवणारा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स. पन्नी सोलून तारा फाकवल्या की तेवढ्या दोन सेंटिमीटरांत तो समजा १५० होतो. परत फिरणारा हिस्सा म्हणजे दोन्ही आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज. ५० भागिले २५०, पाचवा भाग! गाठीच्या दोन्ही टोकांवर हे घडतं, आणि तिथे घुटमळणारी लाट मागून येणाऱ्या बिटांत मिसळते. एक की शून्य, हे पलीकडच्या चिपला कळेनासं होतं. गाठ दोन मिलिमीटरची असती तर खपून गेली असती, कारण शून्यावरून एकवर जाणारा सिग्नलचा चढच सेंटिमीटरभर लांब असतो. हाताने पिळलेली गाठ एवढी लहान होत नाही.

अखंड केबललाही मर्यादा आहेच. आतल्या साटाला १ मीटर, बाहेरच्या डिस्कसाठी असलेल्या ईसाटाला २. ईसाटा पाठवताना किमान ४०० ऐवजी ५०० मिलिव्होल्ट देतं आणि घेताना ३२५ ऐवजी २४० वरही ओळखतं, म्हणून. आतल्या पोर्टला नुसती ईसाटाची पट्टी लावली तर ही सवलत मिळत नाही. आणि पाकिटावरच्या ‘६ जीबीपीएस स्पेशल’ला भुलू नका, साटाच्या तिन्ही वेगांना केबल एकच ठरलेली आहे.

तेव्हा डेटाची केबल अखंड एक मीटरची घ्या आणि लांबवायची तर वीज लांबवा. तिथेही हिशेब आहे. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, आणि चालते फक्त ५ टक्के घट. १२ला ०.६ व्होल्ट, ५ला अवघी ०.२५. मीटरभर तार जोडली की जाऊन-येऊन दोन मीटर. ०.२ स्क्वेअर एमएमची बारीक तार असेल तर १२ व्होल्टवर ०.३४ व्होल्ट तारेतच जातात. ५ व्होल्टवर १ अँपिअरलाही ०.१७, वर सांध्यांचं वेगळं. डिस्क टकटक करून थांबते आणि दोष डिस्कला लागतो. ०.७५ची तार घ्या, घट पावपटीवर येते. पिवळी १२, लाल ५, काळ्या दोन ग्राउंड. लाल-पिवळी उलटली तर डिस्कचं सर्किट गेलंच. मोलेक्सवरून (विजेच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारे सबंध प्लास्टिकमध्ये ओतलेले अडॅप्टर नकोत. आत तारा एकमेकींना टेकून ते जळतात.

जोडणी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बंद करूनच. डिस्क कोरड्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवा, पत्र्यावर नको. खालचं सर्किट उघडं असतं. फिरत असताना हलवू नका. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हाताला स्टॅटिक चढतं, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. आणि बंद पडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की जिवंत होते, हा तोडगा लिंबू-मिरचीच्याच जातीचा. थंड डिस्क बाहेर काढून कूलरच्या दमट झोतात ठेवली की तिच्यावर दव धरतं.

केबल दगा देते का, हे डिस्कच सांगते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींच्या, यादीत १९९ क्रमांक बघा, ती यादी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तोच सी७ दिसतो. वाटेत बिघडून पुन्हा मागवलेल्या फ्रेमची ती मोजणी. हा आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरू नका. आधी लिहून ठेवा, दहा जीबी कॉपी करा, पुन्हा बघा. वाढला असेल तर केबल बदला. बदलायला दुसरी नसेल तर वेग १.५ गिगाबिटवर आणा : काही जुन्या डिस्कवर त्यासाठी जंपर (दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी) असतो, लिनक्समध्ये बूट करतानाच सांगता येतं. बिट चौपट लांब होतो, चौदा सेंटिमीटरचा, आणि सेकंदाला १५० एमबी तरीही मिळू शकतात. जुन्या डिस्कला तेवढे पुष्कळ झाले.