पोर्ट्रेट फोटोग्राफीतील संपादन सॉफ्टवेअरची निवड

व्यक्तीचा फोटो टिपल्यापासून तो ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत जी कामे करावी लागतात, त्यांसाठी संगणकीय प्रोग्रॅम निवडणे. फाइली कार्डावरून उतरवून घेणे, छाननी, रंगदुरुस्ती, रिटचिंग (डाग, सुरकुत्या यांची बारीक दुरुस्ती), एक्सपोर्ट (तयार फोटोची फाइल काढणे) आणि जतन ही ती कामे होत. चर्चा बहुधा रिटचिंगच्या साधनांभोवती फिरते, पण वेळ सगळ्यात जास्त जातो तो छाननीत. एकाच चेहऱ्याच्या शेकडो जवळपास सारख्या फ्रेममधून वीसएक बाजूला काढायच्या असतात. हा टप्पा रेंगाळला तर पुढची उत्तम साधनेही फारशी कामाला येत नाहीत.

फोटोतील चेहरा ‘सुधारणे’ संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल आणि धारदार पाते चालवून सुरकुत्या पुसट केल्या जात. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, १९९४ मध्ये त्यात लेयर (एकावर एक रचलेले, स्वतंत्रपणे बदलता येणारे थर) आले आणि २००२ मध्ये डाग भरून काढणारा हीलिंग ब्रश. मात्र हा प्रोग्रॅम एका वेळी एका फोटोवर खोलात जाऊन काम करण्यासाठी बांधलेला होता. डिजिटल कॅमेऱ्यामुळे फ्रेमची संख्या फुगली, तेव्हा निराळ्या जातीचे प्रोग्रॅम आले : २००५ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅपर्चर आणि २००७ मध्ये अडोबीचे लाइटरूम. यांत मूळ फाइलला हात लागत नाही. उजेड किती वाढवला, कुठे कापले, कोणता रंग हलवला याच्या सूचना तेवढ्या कॅटलॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदवहीत) किंवा फोटोशेजारच्या छोट्या फाइलीत साठतात. एका फोटोवर केलेली दुरुस्ती त्याच प्रकाशातील बाकीच्या दोनशे फोटोंना क्षणात लावता येते ती यामुळेच.

छाननीसाठी वेग हाच निकष. फोटो मेकॅनिकसारखा प्रोग्रॅम रॉ फाइलीच्या (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या) पोटात कॅमेऱ्याने आधीच ठेवलेले जेपेग, म्हणजे तयार चित्र, दाखवतो, त्यामुळे बाण दाबला की पुढची फ्रेम लगेच समोर येते. रॉ उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमना तेवढा वेळ लागतोच. त्यांच्यातही अंतर्गत प्रीव्ह्यू वापरायची सोय अनेकदा असते, ती सेटिंगमध्ये शोधावी लागते. मिटलेले डोळे आणि हुकलेला फोकस ओळखून आपोआप छाटणी करणारी साधने आता मिळतात. गटाच्या फोटोंना ती उपयोगी आहेत. पण खळखळून हसताना डोळे अर्धवट मिटतात आणि नेमकी तीच फ्रेम सर्वांत बोलकी असू शकते, तेव्हा अखेरचा निर्णय यंत्रावर सोडू नये.

पोर्ट्रेटसाठी खरी कसोटी त्वचेच्या रंगाची. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलीत १६,३८४. मात्र रॉ म्हणजे तयार चित्र नव्हे. त्याचे रंग कसे लावायचे हे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या प्रोफाइलनुसार (रंगांच्या ठरावीक नियमांनुसार) ठरवतो आणि म्हणून एकच फाइल दोन प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या कांतीची दिसते. आकाशाचा निळा थोडा सरकला तर कोणाच्या लक्षात येत नाही. गालावर हिरवट किंवा जांभळट झाक आली, की कारण सांगता न येणाऱ्यालाही फोटोत काहीतरी बिघडल्याचे जाणवते. कॅप्चर वन या रॉ-संपादन प्रोग्रॅममध्ये यासाठी स्वतंत्र सोय आहे : त्वचेचा एक नमुना निवडला, की आसपासच्या छटा, त्यांची गडदपणाची पातळी आणि तेज त्या नमुन्याकडे ओढून चेहरा, मान व हात एकसारखे करता येतात. ते नैसर्गिक फरकही पुसते, म्हणून बेताने वापरायचे.

तुलना करताना गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या अशा सगळ्या वर्णांचे स्वतःचे रॉ फोटो घ्यावेत. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांतील संदर्भचित्रे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रियांचीच असत आणि त्याचा तोटा सावळ्या चेहऱ्यांना सोसावा लागे. आजच्या प्रीसेटमध्येही (एका क्लिकने लागणाऱ्या तयार दुरुस्त्यांतही) हा कल अधूनमधून आढळतो. गोऱ्या चेहऱ्यावर ‘उबदार’ दिसणारा प्रीसेट सावळ्या चेहऱ्यावर लालभडक होतो. १९७६ पासून वापरात असलेल्या २४ चौकोनी रंगतक्त्यात पहिले दोन चौकोन गडद आणि फिकट त्वचेचेच आहेत. सत्राच्या सुरुवातीला या तक्त्याची एक फ्रेम घेतली, तर पुढचे बरेच अंदाज वाचतात. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (रंग अचूक दाखवेल असा जुळवलेला) नसेल तर मात्र ही सारी तुलनाच फोल.

रिटचिंगसाठी वेगळा प्रोग्रॅम लागतोच असे आता राहिलेले नाही. लाइटरूममध्ये २०२१ पासून मुख्य व्यक्ती आपोआप निवडणारे मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरताच ठेवणारी निवड) आले. पुढच्या वर्षी चेहऱ्याची त्वचा, ओठ, दात, डोळ्यांची बुबुळे अशी वेगवेगळी निवडही जमू लागली. ओळखपत्राच्या किंवा कार्यालयीन फोटोंचे काम तिथेच संपते. विस्कटलेले केस, कपड्याची चुणी, बदललेली पार्श्वभूमी, गटातल्या एकाचे डोके दुसऱ्या फ्रेममधून आणणे, यांसाठी मात्र लेयर लागतात. त्यासाठी फोटोशॉप, अ‍ॅफिनिटी किंवा मुक्त-स्रोत गिंप असे पर्याय आहेत. गिंप २०१८ च्या २.१० आवृत्तीपर्यंत प्रत्येक रंगाला ८ बिटांच्या (२५६ पायऱ्यांच्या) पलीकडे जात नव्हता, त्यामुळे त्याविषयीचे जुने अभिप्राय जपून वाचावेत.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन या पद्धतीत त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-छाया दुसऱ्यावर वेगळी काढतात. ती झटपट आहे आणि झटपट असल्यामुळेच तिचा अतिरेक होतो : चेहरा मेणाचा दिसू लागतो. डॉज-बर्नने लहान लहान भाग उजळ-गडद करत जाणे संथ खरे, पण रोमछिद्रे शाबूत राहतात. पुष्कळ रिटचर एक साधा संकेत पाळतात. काही दिवसांत जाणारी पुळी काढायची, पण तीळ, व्रण, खळी या कायमच्या खुणा विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. एका बटणात त्वचा गुळगुळीत करणाऱ्या प्लगइनांना (प्रोग्रॅमला जोडायच्या छोट्या साधनांना) हा भेद कळत नाही. म्हणून ज्याचा परिणाम वेगळ्या लेयरवर मिळतो आणि हवा तिथे मास्कने मागे घेता येतो, असेच प्लगइन घ्यावे.

स्टुडिओत कॅमेरा केबलने संगणकाला जोडून काम करायचे असेल तर ही जोडणी, म्हणजे टेदरिंग, किती भरवशाचे आहे ते आधी पाहावे. कॅप्चर वनचे नाव यासाठी घेतले जाते. त्यातील ‘सेशन’ पद्धतीत एका कामाचे मूळ फोटो, निवडलेले आणि तयार फोटो एकाच फोल्डरात राहतात, त्यामुळे ते उचलून दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे जाते. वर्षानुवर्षांचा संग्रह एकत्र शोधायचा असेल तर कॅटलॉगच बरा.

प्रोग्रॅम घेताना तो सोडायची वेळ आली तर काय, हे फार थोडे लोक विचारतात. अ‍ॅपलने २०१४ मध्ये अ‍ॅपर्चरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर संग्रह उभारलेल्यांना दुसरीकडे जावे लागले. पसंतीचे तारे, कीवर्ड, मथळे अशी माहिती एक्सएमपी व आयपीटीसी या प्रमाणित रूपांत असल्यास बरीचशी सोबत येते. रंगदुरुस्तीच्या सूचना मात्र ज्या त्या प्रोग्रॅमच्या भाषेतच असतात. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात. वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग उघडतो, एक्सपोर्टही होते, पण रंग-उजेड दुरुस्तीचा डेव्हलप विभाग बंद होतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे रॉ-संपादनाचे प्रोग्रॅम मोफत व मुक्त-स्रोत आहेत. त्यांची किंमत शिकण्याच्या वेळात मोजावी लागते आणि डार्कटेबलच्या बाबतीत ती बरीच आहे. प्रोग्रॅम कोणताही असो, निवडक तयार फोटो १६ बिटांच्या टिफ या फाइल-प्रकारात रॉसोबत ठेवावेत आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी.

जाहिरातीसाठी काम करणाऱ्यांना कायद्याचाही विचार करावा लागतो. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड दाखवलेल्या व्यापारी चित्रांवर तसा उल्लेख बंधनकारक आहे. नॉर्वेतही जुलै २०२२ पासून असा नियम लागू झाला. त्यामुळे लिक्विफायसारखे अवयवांचा आकार बदलणारे साधन कुठे चालवले याचा माग लेयरमध्ये राहणे सोयीचे ठरते. क्लाउडवर प्रक्रिया करणाऱ्या सेवांमध्ये चेहरे दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात. ते फोटो तिथे किती काळ राहतात आणि यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरले जातात का, हे त्या सेवेच्या अटींमध्ये लिहिलेले असते. मुलांचे फोटो असतील तर त्या अटी पालकांना आधी दाखवाव्यात.