औषधाची सवय नक्की कोणाला होते?

"अंगाला गोळीची सवय झालीये गं, आता गुणच येत नाही." परवा मावशी म्हणाली. योनीमार्गातलं यीस्ट इन्फेक्शन (यीस्ट म्हणजे एक बुरशी), तिसऱ्यांदा. तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचंच, कारण सवय अंगाला होत नाही, गोळी ओळखतं ते यीस्ट!

अशा इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स असतं, पण गोळीला दाद न देणारं बऱ्याचदा त्याचं भाऊबंद निघतं, कँडिडा ग्लॅब्राटा. गंमत म्हणजे हे अल्बिकन्सपेक्षा पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जास्त जवळचं आहे. एरवी आतड्यात गुपचूप राहतं, पण आयसीयूतल्या अशक्त पेशंटच्या रक्तात उतरलं तर जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या घातक बुरशींच्या यादीत १९ नावं आहेत, त्यात हेही आहे.

या इन्फेक्शनवरच्या नेहमीच्या गोळीतलं औषध म्हणजे फ्लुकोनॅझोल. ते काय करतं, तर यीस्टच्या पेशीपडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल नावाचं चरबीसारखं द्रव्य बनू देत नाही. आता खरी मजा. ग्लॅब्राटामध्ये पीडीआर-१ नावाचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर असतो, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून जीन चालू करणारं प्रोटीन. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलं की फ्लुकोनॅझोलच्या जातीतली औषधं थेट या प्रोटीनलाच चिकटतात! आणि औषध चिकटलं की पीडीआर-१ ची शेपटी मेड-१५ या दुसऱ्या प्रोटीनच्या केआयएक्स भागात अडकते, तिथे तीन हेलिक्सची, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांची, जुडी असते, मधे एक अरुंद खाच, शेपटीतली पाणी टाळणारी अमिनो आम्लं त्या खाचेत बरोब्बर बसतात, मेड-१५ मुळे मेडिएटर नावाचं मोठं यंत्र जोडलं जातं, मग जीनची नक्कल काढणारं आरएनए पॉलिमरेज येतं आणि सीडीआर-१ या जीनच्या धडाधड आरएनए कॉप्या निघायला लागतात. सीडीआर-१ म्हणजे पंप, एटीपी (पेशीचं इंधन) जाळून औषध पेशीबाहेर फेकणारा. बेसमेंटमध्ये पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि मोटर आपोआप सुरू होते ना, अगदी तसं, इथे औषध हेच पाणी. पीडीआर-१ मध्ये काही म्युटेशन्स अशी होतात की फ्लोट वरच अडकतो, मग औषध असो नसो, पंप चालूच, आणि फ्लुकोनॅझोल जवळपास निकामी.

आपल्या लिव्हरमध्येही पीएक्सआर नावाचं प्रोटीन असंच परके रेणू ओळखून त्यांचा निचरा करणारे जीन चालू करतं. मला हे वाचून खरंच भारी वाटलं होतं.

जाता जाता, अंगावरून पांढरं गेलं की हाडं झिजतात म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. हाडांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. थोडं पांढरं जाणं नॉर्मल असतं, खाज-आग असेल तर डॉक्टर. आणि ते ऑनलाइन 'कँडिडा डिटॉक्स' पावडरवाले, त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका.

२०१६ मध्ये आयकिक्स-१ नावाचा छोटा रेणू सापडला, तो मेड-१५ च्या त्याच खाचेत जाऊन बसतो, त्यामुळे पीडीआर-१ च्या शेपटीला जागाच उरत नाही. उंदरांमध्ये त्याच्या जोडीने दिलेलं फ्लुकोनॅझोल दाद न देणाऱ्या ग्लॅब्राटावर परत चाललं. माणसांसाठीचं औषध मात्र अजून झालेलं नाही.

मावशीला मी सांगितलंय, मनानेच चौथी गोळी घेऊ नकोस, आधी कल्चर कर, कुठलं यीस्ट आहे ते तरी कळू दे. सोमवारी स्वॅब देणार आहे.