जुनी स्मार्ट हायब्रिड गाडी घेताना : आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात चार माणसं, रोजचं सुदामानगर ते पलासिया जाणं-येणं, महिन्याकाठी उज्जैन किंवा महूची एखादी फेरी. अशा कुटुंबाला मारुतीची जुनी बलेनो स्मार्ट हायब्रिड किंवा तिचीच जुळी बहीण टोयोटा ग्लांझा चांगली सोयीची पडते. म्हणूनच सौदा करण्याआधी या गाड्या आमच्याकडे तपासायला आणणारे बरेच असतात. आमचं मत आधीच सांगतो : हायब्रिडचे जास्तीचे पैसे ती यंत्रणा चालू असेल तरच द्या, आणि चालू असली तरी मोजकेच द्या.

ही गाडी विजेवर चालत नाही. बॅटरी भरणाऱ्या नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी पट्ट्याने फिरणारी एक मोटर असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक लावला की ती वीज तयार करून पुढच्या सीटखालच्या लहान लिथियम बॅटरीत भरते. गाडी उचलताना तीच मोटर इंजिनाला थोडा हात देते. सिग्नलला इंजिन बंद होतं आणि क्लच दाबला की नेहमीच्या स्टार्टरचा आवाज न होता पुन्हा सुरू होतं. यापलीकडे काही नाही.

बचतीचा हिशेब साधा आहे. कंपनीने जाहीर केलेलं मायलेज लिटरला स्मार्ट हायब्रिडचं २३.८७ आणि त्या वेळच्या साध्या पेट्रोल बलेनोचं २१.०१ किलोमीटर. महिन्याला १,००० किलोमीटर चालवलीत तर जेमतेम सहा लिटर पेट्रोल वाचतं. त्यातलाही काही वाटा मोटरचा नसून दर सिलिंडरला दोन इंजेक्टर असलेल्या ड्युअलजेट इंजिनाचा आहे. तेव्हा विकणारा साध्या गाडीपेक्षा पन्नास हजार जास्त मागत असेल, तर ते पेट्रोलमधून वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते घरी बसून मोजा.

गाडी खरोखर हायब्रिड आहे ना?

बलेनोत ही यंत्रणा २०१९ मध्ये आली, तीही फक्त डेल्टा आणि झेटा या प्रकारांच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत. ऑटोमॅटिक बलेनो 'हायब्रिड' म्हणून कुणी दाखवली तर तिथेच थांबा. ग्लांझाच्याही 'जी' (G) प्रकारातल्या सगळ्याच गाड्या हायब्रिड नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेली नवी बलेनो सिग्नलला बंद होते खरी, पण तिच्यात ही मोटर आणि लिथियम बॅटरी नाही. आरसीवर इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/हायब्रिड' लिहिलंय का ते पाहा.

चालवून पाहताना

सकाळी जा, आणि आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका असं विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. मग जवाहर मार्गासारख्या गर्दीच्या रस्त्याने अर्धा तास चालवा. इंजिन तापल्यावर सीटबेल्ट लावलेला ठेवून गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा आणि क्लच सोडा. इंजिन बंद झालं पाहिजे. एसी जोरात असेल किंवा बॅटरी कमी भरलेली असेल तर ते बंद होत नाही आणि तो दोष नव्हे. डॅशबोर्डवरच्या बटनाने ही सोय बंद केलेली नाही ना तेही बघा. पण एसी मंद करूनही अर्ध्या तासात एकदाही इंजिन थांबलं नाही, तर बॅटरी किंवा मोटर तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. पुन्हा सुरू होताना चिरचिर आवाज आला तर पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बघावा लागतो. या गाडीत पट्ट्यावर नेहमीपेक्षा जास्त ताण असतो.

बॉनेटखालची बॅटरी विसरू नका. वारंवार बंद-चालू होणाऱ्या गाडीला त्यासाठीच बनवलेली बॅटरी लागते. आधीच्या मालकाने स्वस्तातली साधी बसवली असेल तर ती लवकर दगा देते, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर आणखीच लवकर. सीटखाली गंज, चिखल किंवा ओलसर वास असेल तर पावसात पाणी आत शिरलं होतं असं समजा. अशी गाडी आम्ही कुणालाही घ्यायला सांगत नाही, भाव कितीही उतरवला तरी.

८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७८,२२२ पेट्रोल बलेनो फ्युएल पंपाच्या संभाव्य दोषासाठी कंपनीने जुलै २०२० मध्ये परत बोलावल्या होत्या. २०१९ मध्येच बनलेल्या काही ग्लांझाही बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन शोरूममध्ये विचारलंत की काम झालंय का ते कळतं.

पुण्याची गाडी इंदूरला आणणार असाल तर

आपल्यापैकी बहुतेकांचं कुणीतरी पुण्यात असतंच, आणि भाच्याची किंवा जावयाची गाडी घरातच राहावी असं वाटणं साहजिक आहे. गाडीचा इतिहास माहीत असतो, हा मोठा फायदा. पण कागदपत्रांत नात्याची सवलत नाही. महाराष्ट्रातल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, एवढं हवंच. शिवाय मध्यप्रदेशचा रोड टॅक्स वेगळा भरून एमपी-०९ चा नंबर घ्यावा लागतो. टॅक्सचा आकडा आधी काढा, मगच भावाचं बोला. तिथे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो हाती येईपर्यंत धीर लागतो.

विमा आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस आहेत. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो. हप्ता त्यामुळे वाढतो, याची तयारी ठेवा.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल हल्ली सगळेच विचारतात. २०१९ ते २०२१ च्या या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नव्हत्या. मायलेज थोडं घटतं. जुने रबरी पाइप आणि सील आम्ही दर सर्व्हिसला बघतो, तुम्हीही मागे लागून बघायला लावा.

आमच्याकडे तपासणीला गाडी आणताना मूळ आरसी, विम्याची प्रत आणि सर्व्हिसच्या पावत्या बरोबर ठेवा. शक्य असेल तर विकणाऱ्यालाही घेऊन या. स्कॅनरवर जे दिसतं ते आम्ही दोघांसमोरच सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे फॉल्ट कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही त्यात कळतं, आणि मग तुम्हाला भाव करायला सोपं जातं.