द्रावणातले गंधक: किती आहे ते कळले, पण कोणत्या रूपात आहे?

आमच्या प्रयोगशाळेत नमुना घेऊन येणाऱ्या बहुतेक ग्राहकांकडे आधीचा एक रिपोर्ट असतो. त्यावर एकच आकडा: आयोडीन टायट्रेशनवरून (म्हणजे किती आयोडीन खर्च झाले ते मोजून) काढलेला एसओटू (सल्फर डायऑक्साइड) किंवा एकूण गंधक. आकडा चुकीचा नसतो. पण आयोडीन सल्फाइटवर खर्च होते, थायोसल्फेटवर होते आणि हायड्रोवरही (रंग उतरवणारे रसायन) होते. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या डाईंग युनिटला (कापड रंगवणाऱ्या कारखान्याला) जे हवे ते या आकड्यात नसतेच: टाकीत हायड्रो अजून शिल्लक आहे, की त्याचे थायोसल्फेट होऊन गेले? त्यासाठी आयन (द्रावणातले विद्युतभारित कण) मोजून भागत नाही, त्याची रचना बघावी लागते.

यंत्र काय बघते

आम्ही रामन यंत्र वापरतो. नमुन्यावर एका रंगाचा लेसर सोडतो. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. हा बदल म्हणजे रेणूतल्या बंधांच्या कंपनाचा हिशेब, आणि तो प्रति सेंटिमीटर या एककात मांडतात. त्याचा आलेख म्हणजे वर्णपट, आणि आलेखातला प्रत्येक उंचवटा म्हणजे शिखर. बंध घट्ट आणि अणू हलके असतील तर शिखर वरच्या आकड्यावर; बंध सैल, अणू जड असतील तर खाली. सी. व्ही. रामन यांनी हा परिणाम १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवला. हेच रामन १९१० मध्ये सरकारी लेखा खात्यातल्या नोकरीत बदलीवर नागपूरला होते, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असते.

इन्फ्रारेड का नाही, असे विचारले जाते. पाणी इन्फ्रारेड प्रकाश भरपूर शोषते आणि बाकीचे झाकून टाकते. रामन वर्णपटात पाणी फिके दिसते, शिवाय काचेच्या बाटलीतूनही काम होते.

शिखरे कशी वाचतो

सल्फेटचे मुख्य शिखर ९८१ वर, उंच आणि अरुंद. गंधकाभोवती चार ऑक्सिजन सारख्या अंतरावर, म्हणून ते इतके स्वच्छ येते. सल्फाइटमध्ये ऑक्सिजन तीन, वर गंधकावर मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी; त्याचे शिखर ९६७ च्या आसपास आणि जास्त पसरट. दोन्ही एकत्र असले की एकमेकांवर चढतात. चुन्याच्या गढूळ पाण्याने धूर धुणाऱ्या प्लांटच्या नमुन्यात हे नेहमीचेच.

थायोसल्फेट म्हणजे सल्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक. त्याची दोन शिखरे महत्त्वाची: ९९५ च्या जवळचे, आणि गंधक-गंधक बंधाचे ४५० च्या जवळचे. पण सल्फेटचेही एक मंद शिखर ४५० पाशीच येते. म्हणून एकट्या ४५० वर आम्ही निकाल देत नाही. दुसऱ्या कुणी दिला असेल तर ९९५ चे शिखर दाखवायला सांगा.

सगळ्यात मजेदार बायसल्फाइट, म्हणजे एक हायड्रोजन जोडलेले सल्फाइट. त्यातला हायड्रोजन ऑक्सिजनवर बसतो की थेट गंधकावर? उत्तर: दोन्हीकडे. २५३० च्या आसपास एक छोटे शिखर दिसते, ते गंधक-हायड्रोजन बंधाचे. साध्या पाण्याऐवजी जड पाणी (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचेच जड रूप असते) वापरले की ते सुमारे १.४ पटीने खाली सरकते, म्हणजे त्या बंधात हायड्रोजनच आहे याची खात्री पटते. ऑक्सिजन-१७ च्या एनएमआरने (अणुकेंद्रांचा चुंबकीय प्रतिसाद मोजणाऱ्या तंत्राने) दाखवले की दोन्ही रूपे पाण्यात एकाच वेळी असतात आणि एकमेकांत बदलत राहतात. द्रावण आम्ल केले की ११५० च्या जवळ विरघळलेल्या एसओटूचे शिखर वर येते. पाठ्यपुस्तकातले सल्फ्युरस आम्ल वर्णपटात शोधाल तर हाती लागत नाही. पाण्यात असतो तो बहुतांशी एसओटूच.

मेटाबायसल्फाइटच्या पुडीत दोन गंधक थेट एकमेकांना जोडलेले असतात. पाण्यात पडताच त्याचे बायसल्फाइट होते, फक्त दाट साठा-द्रावणात काही भाग तसाच उरतो. त्यामुळे 'पुडी मेटाची, रिपोर्टमध्ये बायसल्फाइट कसे?' म्हणून भांडायला येऊ नये.

हायड्रो, म्हणजे सोडियम डायथायोनाइट, यातला गंधक-गंधक बंध कोरड्या क्षारात सुमारे २.३९ अँगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) लांब असतो. साधा असा बंध २.०५ च्या आसपास असतो. एवढा ताणलेला बंध तुटायला निमित्तच शोधत असतो. तुटला की प्रत्येकी एक एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले दोन तुकडे होतात. रंग उतरवण्याचे काम तेच करतात. हायड्रो किती शिल्लक आहे ते आम्ही अतिनील प्रकाशात ३१५ नॅनोमीटरवर मोजतो. तिथे तो इतका जोरात शोषतो की नमुना पातळ करावा लागतो, आणि तोही ऑक्सिजन काढलेल्या अल्कली पाण्याने.

डाय असलेल्या लिकरमध्ये (रंगाच्या टाकीतल्या द्रवात) हिरवा लेसर चालत नाही, रंगाची चमक सगळे गिळून टाकते. तिथे ७८५ नॅनोमीटरचा लेसर लावतो. मात्र त्यावर २५३० चे शिखर डिटेक्टरच्या क्षमतेच्या काठावर जाते. बायसल्फाइटची रूपे हवी असतील तर नमुना बिनरंगी द्या.

नमुना कसा आणाल

निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रावर नाही, रस्त्यात. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत अर्धी भरलेली बाटली हिंगण्याहून आली, तर हायड्रोचा नमुना गेला म्हणून समजा. बाटलीतली हवा आणि उष्णता दोन्ही त्याला संपवतात, आणि शेवटी आम्हाला थायोसल्फेट, बायसल्फाइट, सल्फेट एवढेच दिसते.

बाटली गळ्यापर्यंत भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा, हलवू नका. पीएच टाकीजवळच मोजून लेबलवर लिहा. आणि धातूंच्या तपासणीसाठी घालतात तसे आम्ल यात कधीही घालू नका. थायोसल्फेटच्या स्वच्छ द्रावणात आम्ल पडले की थोड्या वेळात ते दुधाळ होते, नाकाला झोंबणारा वास येतो, आणि तळाशी बसतो तो तुमचाच गंधक.

कधी आमच्याकडे येऊ नये

रामनला दाट द्रावण लागते. लिटरला एक-दोन ग्रॅमच्या खाली आम्ही त्यावर विसंबत नाही. संत्र्याच्या स्क्वॅशमधले केएमएस (टिकवण्यासाठी घातलेले पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असे, तपासायचे असेल तर ऊर्ध्वपातनाची नेहमीची पद्धत किंवा आयन क्रोमॅटोग्राफी बरी, आणि खर्चही कमी. आयन कोणते आहेत हे आधीच माहीत असेल आणि फक्त रोजचा आकडा हवा असेल, तर टायट्रेशन तुमच्या केमिस्टलाच करू द्या. आकडा ठीक असूनही रंग धरत नसेल किंवा साठा-द्रावण अचानक वास मारू लागले असेल, तेव्हा नमुना घेऊन या. रिपोर्टसोबत मूळ वर्णपट देतो, मागावा लागत नाही.