कव्हरेजमध्ये कोणत्या फाइली धरायच्या? : पार्श्वभूमी

टेस्ट चालवताना कोडच्या किती टक्के ओळी प्रत्यक्ष चालल्या, याचे मोजमाप म्हणजे कव्हरेज. हे टक्के काढताना कोणत्या फाइली हिशेबात धरायच्या, हा प्रश्न सी आणि सी++ मध्ये सहसा बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या वेळीच सुटत असे. ज्या फाइली कव्हरेजचा पर्याय देऊन कंपाइल केल्या, त्यांचेच मोजमाप जीकोव्ह हे कव्हरेजचे टूल करी. एकदाही न चाललेल्या फाइली हिशेबातून निसटू नयेत म्हणून जीकोव्हच्या नोंदींवरून अहवाल बनवणाऱ्या एलकोव्हने टेस्ट चालवण्यापूर्वीच प्रत्येक ओळीसमोर शून्य नोंदवण्याची सोय दिली. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये मात्र फाइल प्रोग्रॅम चालू असताना लोड होते. जी लोडच झाली नाही, तिच्या अस्तित्वाचा पत्ता टूलला आपणहून लागत नाही, आणि वादाचे मूळ इथेच आहे.

प्रत्येकी शंभर ओळींच्या दहा फाइली आहेत असे धरू. टेस्टनी त्यांपैकी चारच लोड केल्या आणि 320 ओळी चालवल्या. लोड झालेल्या फाइलीच धरल्या तर कव्हरेज 80 टक्के भरते, दहाही धरल्या तर 32 टक्के. कोड तोच आणि टेस्टही त्याच. पण पहिल्या आकड्यात सर्वांत दुर्लक्षित भाग गाळला जातो आणि ज्याने नवी फाइल टेस्टविना ठेवली त्याला अहवालात काहीच खटकत नाही. म्हणून न चाललेल्या फाइली मोजणे हेच प्रामाणिक डिफॉल्ट होय, असे मानणाऱ्यांची बाजू भक्कम आहे.

पायथॉनच्या कव्हरेज.पाय या टूलने 2010 साली 3.4 आवृत्तीत मोजायचा कोड कुठे आहे हे सांगणारा ‘सोर्स’ हा पर्याय आणला आणि तिथे सांगितलेल्या, पण न चाललेल्या फाइली शून्य टक्क्यांनी दाखवायला सुरुवात केली. त्याच वेळी फाइली वगळण्याच्या ‘ओमिट’ या पर्यायात पाथच्या सुरुवातीच्या भागाऐवजी पॅटर्न द्यावा लागू लागला. ‘सोर्स’मध्ये फोल्डरचे नाव चाले आणि पॅकेजचेही, ही सरमिसळ दूर करण्यासाठी पॅकेजचा वेगळा पर्याय 2020 मध्ये आणि फोल्डरचा थेट 2025 मध्ये आला. दरम्यान 2022 च्या 7.0 आवृत्तीत पॅटर्नमधील एकेरी तारा (*, म्हणजे ‘कोणतीही अक्षरे’) फोल्डरची सीमा ओलांडेनासा झाला, त्यामुळे काही जुन्या कॉन्फिगरेशन तपासून दुरुस्त कराव्या लागल्या.

जावास्क्रिप्टमध्ये टेस्ट चालवणाऱ्या जेस्ट या टूलने कव्हरेजसाठी फाइलींचे पॅटर्न वेगळे सांगण्याची मुभा दिली. सांगितले नाहीत तर टेस्टमध्ये लोड झालेल्याच फाइली धरल्या जातात. तशाच व्हीटेस्ट या टूलने 2023 च्या अखेरीस 1.0 आवृत्तीत उलट भूमिका घेतली आणि सर्व फाइली धरणे हेच डिफॉल्ट केले. प्रोजेक्टमधला कोड कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे टूलला ओळखता येत नसल्याने हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु त्यामुळे मिनिफाय केलेल्या (आकार कमी करण्यासाठी आटवलेल्या) जावास्क्रिप्टसारख्या नको त्या फाइलीही प्रक्रियेत ओढल्या गेल्या, अहवाल तयार व्हायला फार वेळ लागू लागला, कधी तो अडकूनच पडे. अखेर 2025 च्या चौथ्या आवृत्तीत सर्व फाइली धरण्याचा तो पर्याय काढून टाकण्यात आला. आता ‘इन्क्लूड’मध्ये पॅटर्न दिले तरच न चाललेल्या फाइली मोजल्या जातात, एरवी लोड झालेल्याच. वेगाची अडचण खरी होती. तरी ज्या टीमने ‘इन्क्लूड’ची ती एक ओळ लिहिलेली नाही, तिचा टक्का या बदलानंतर एकही नवी टेस्ट न लिहिता वाढू शकतो, ही बाब अपग्रेडच्या चर्चेत पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही.