आगमनकाळ

आगमनकाळ हा ख्रिस्ती उपासनावर्षातला पहिला काळ. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या प्रेषित आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. त्यामुळे त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान केव्हाही येतो आणि दिवस २२ ते २८ भरतात. लॅटिन ‘आद्वेंतुस’ म्हणजे येणे, येऊन पोहोचणे. मराठी कॅथलिक उपासनेत त्यासाठी ‘आगमनकाळ’ हा शब्द रुळला आहे; ‘नाताळ’ मात्र पोर्तुगीजांकडून आलेला.

नाताळची तयारी म्हटली की रंगकाम, नवे कपडे, चांदणीचा कंदील, फराळ आठवतो. हे सगळे या दिवसांत होतेच आणि त्यात काही गैर नाही. पण आगमनकाळ मुळात वाट पाहण्याचा काळ आहे, आणि वाट पाहणे म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. पाहुणा येणार असे कळले की घरातले माणूस दाराकडे कान ठेवून हातातले काम उरकत असते. तशी ही वाट. चातुर्मासात कुणी एखादा नेम धरतो, तसाच नेम इथेही धरला जातो. बोलणे तुटलेल्या भावाला फोन करायचा. रात्री झोपण्याआधी सकाळपासूनचा दिवस आठवायचा आणि कुठे चुकले ते देवापाशी कबूल करायचे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या पूर्वसंध्येला वाचन पुरे होते. कामाच्या धबडग्यातही हा नेम पाळता येतो.

या काळाची जुनी पाळेमुळे स्पेन आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, सापडतात. ३८० साली स्पेनमधल्या सारागोसा इथल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कुणीही चर्चला गैरहजर राहू नये असे ठरवले. पाचव्या शतकात गॉलमधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला. चार रविवारांची चौकट पुढे रोममध्ये बसली. पौर्वात्य मंडळ्यांत उपासाचा भाग अजूनही ठळक आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत तो १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस चालतो, तर केरळातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळीत १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा. पाश्चात्त्य मंडळ्यांत उपास जवळजवळ सुटला. खुणा उरल्या त्या जांभळ्या वस्त्रांच्या आणि रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिस्तोत्र न गाण्याच्या. त्या स्तोत्राचे पहिले शब्द येशू जन्मला त्या बेथलेहेमच्या रात्री मेंढपाळांनी ऐकलेले, देवदूतांचे. ती रात्र येईपर्यंत ते राखून ठेवायचे.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेरव्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली. एक होऊन गेलेले, बेथलेहेमातले. एक व्हायचे, जगाच्या अंती गौरवाने. आणि या दोहोंच्या मधले एक, जे डोळ्यांना दिसत नाही आणि अंतःकरणात घडते. रोजच्या जगण्याशी या काळाचे नाते जुळते ते या मधल्या आगमनामुळे. नाहीतर तो एका जुन्या वाढदिवसाची आठवण होऊन बसला असता.

या दिवसांतला खरा शिक्षक म्हणजे येशूच्या आधी येऊन लोकांना पश्चात्तापाची हाक देणारा योहान बाप्तिस्ता. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या कॅथलिक वाचनांत तोच पुढे असतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करावे? उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा हा माणूस; तो घरदार सोडून रानात यायला सांगेल असे कुणालाही वाटावे. त्याचे उत्तर अगदी घरगुती आहे. दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या, अन्नाचेही तसेच करा. जकातदार येतात. त्यांना तो नाका सोडा म्हणत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना सांगतो, दमदाटी करून किंवा खोटा आळ घालून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. सद्गुणाचा पत्ता तो ज्याच्या-त्याच्या कपाटाचा, गल्ल्याचा आणि हुद्द्याचा देतो. ऐकायला सोपे, करायला जड. कपाट उघडून देण्यासाठी स्वेटर काढायला गेले की हात आपसूक कोपरात विरलेल्या स्वेटरकडे वळतो. चांगला घडी घालून पुन्हा आत जातो. योहानाने अंगरखा नवा की जुना ते सांगितलेले नाही, पण त्याच्यासमोर उभे राहून विरलेला पुढे करायला कुणी धजले नसते.

तिसऱ्या रविवाराला ‘आनंद करा’ हे नाव आहे, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातल्या प्रेषित पौलाच्या शब्दांवरून. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे चालतात. तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी याच रविवारी हा अंगरख्यांचा उतारा येतो. आनंद आणि देणे एकाच दिवशी वाचायला मिळते, ही या काळाची फार सुंदर सांगड आहे.

मुलांना वाट पाहणे सर्वांत अवघड जाते. हॅम्बर्गमध्ये गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवणारे लूथरन धर्मशास्त्रज्ञ योहान हिनरिख विखर्न यांना मुले विचारत राहायची, नाताळला अजून किती दिवस? १८३९ साली त्यांनी गाडीच्या लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या; रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी २० लहान लाल. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून २४ दिवसांचा हिशेब बरोबर जुळला. रोज एक ज्योत वाढायची. चर्चमध्ये वेदीजवळ आज दिसणारे चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र या चाकावरून आले. कॅथलिक चर्चांत ते विसाव्या शतकात पोहोचले.

जर्मन मुलखातल्या घरांत आणखी एक रीत आहे. रिकामी गव्हाण मांडतात आणि शेजारी थोडा पेंढा ठेवतात. दिवसभरात हातून एखादे चांगले काम झाले असेल तर रात्री एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशूचे अंथरूण मऊ व्हायचे ते या काड्यांनी. काडी उचलल्यावर मूल क्षणभर थबकते: आज मी काय केले? आत्मपरीक्षणावर मोठी पुस्तके लिहिली गेली, पण ते शिकवण्याची इतकी मायाळू रीत दुसरी नसेल. मात्र काड्या मोजून ख्रिस्त मिळत नाही, हेही मुलाला सांगावे लागते. नाझींना विरोध करणारे जर्मन लूथरन पाद्री दिट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिले होते की कोठडी आगमनकाळासारखी असते. माणूस आशा धरतो, बारीकसारीक काही करत राहतो, पण दार बंद असते आणि ते बाहेरूनच उघडते. दीड वर्षाने, एप्रिल १९४५ मध्ये, नाझींनी त्यांना फाशी दिले.

मराठी ख्रिस्ती समाजात आगमनकाळ सगळीकडे सारखा रुजला नाही. १८१३ साली मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर भागात पसरलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहण्याच्या, परंपरेचे होते. त्या परंपरेचे प्युरिटन, म्हणजे कडवे सुधारणावादी, पूर्वज सणवार मानत नसत; अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळण्यावरच बंदी होती. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) आणि कॅथलिक मंडळ्यांनी मात्र उपासनावर्ष सांभाळले. पुढे अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल धारा इतर काही मंडळ्यांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकत्र आल्या. तिची स्थापना नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

वसईत आणि गोव्यात या काळाला घरच्या कामाचा वास आहे. येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधायला घेतात, बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद चिकटवून चांदण्या करतात. स्वयंपाकघरात कलकल या तळणीच्या वळ्या वळायला सगळे एकत्र बसतात. गोव्यात त्यांना किडयो म्हणतात. मैद्याचे पीठ नारळाच्या दुधात भिजवलेले असते. त्याची बोराएवढी गोळी काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि अलगद गुंडाळत आणायची, म्हणजे शंखासारखी रेघारेघांची वळी होते. एकट्याने करायचे हे काम नव्हे. हात कामात आणि तोंड मोकळे असल्याने बऱ्याच दिवसांचे अबोलेही त्या परातीभोवती सुटतात. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि किडयो मिळून जो फराळ होतो त्याला गोव्यात कुसवार म्हणतात, पोर्तुगीज ‘कोंसोआदा’वरून. त्याची ताटे रुमालाने झाकून शेजारी जातात, हिंदू घरांतही. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेले असते तिथे तळण करत नाहीत. त्या घरचे ताट शेजारी भरतात.